एक प्याला आणि जातीचा दाखला

१४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चपंथ एक झाले. त्यात साहेबाचं अँग्लिकन चर्चही होतं. नाव ठेवलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया.

अँग्लिकन उपासनेचा गाभा म्हणजे प्रभुभोजन. एक भाकर, एकच प्याला, सगळ्यांच्या ओठाला. १९२७ ला चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायलो म्हणून महाडात आपल्या माणसांनी मार खाल्ला. त्या माणसांना या प्याल्याचं मोल विचारा! नगर जिल्ह्यातले महार-मांग मिशनकडं गेले ते उगीच नाय.

पण वेदीपुढं मिटलेली जात वेशीवर तशीच राहिली. धर्मांतरानं ख्रिस्ती माणसाची जात सुटली नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. आणि सरकार? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूची धरली. १९५६ ला शीख आत घेतले. बौद्धांना १९९० उजाडावं लागलं, दीक्षेनंतर चौतीस वर्षं! ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. धर्माची अट काढा, असं रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ मध्ये सांगितलं. अट तशीच आहे.

चर्चवाले १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. ती चौतीस वर्षं आपण भोगलीत, तेव्हा त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभं राहायचं. आणि उभं राहून त्यांनाही विचारायचं : प्याला एक, मग सोयरिकीत जात कशाला?

(अमडापूर, जि. बुलढाणा)