पूर्वप्रसिद्धीची अट आणि मराठी कथा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : पूर्वप्रसिद्धी, नियतकालिके, दिवाळी अंक, किर्लोस्करवाडी, कथाकथन, ऑनलाइन कथा, प्रताधिकार.

प्रस्तावना

'पाठविलेले साहित्य अन्यत्र प्रसिद्ध झालेले नसावे' ही सूचना मराठी मासिकांच्या व दिवाळी अंकांच्या वाचकाला चांगली परिचयाची आहे. लेखक हस्तलिखित टपालाने पाठवीत असे आणि संपादकाचे उत्तर येईपर्यंत ते कपाटात पडून असे, त्या काळात या सूचनेचा अर्थ कोणाला विचारावा लागत नव्हता. गेल्या दोन-अडीच दशकांत परिस्थिती पालटली. आटपाडी, जत, माण, खटाव यांसारख्या तालुक्यांतील नवा लेखक आपली पहिली कथा बहुधा मोबाईलवरच लिहितो आणि मराठी संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमावर ठेवतो. पुढे तीच कथा सुधारून एखाद्या मासिकाकडे पाठवावी असे त्याच्या मनात येते, तेव्हा ही अट आडवी येते. कथा 'प्रसिद्ध' झाली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या वाङ्मयीन इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व पद्धती

(१) पूर्वप्रसिद्धीच्या अटीचा उगम व तिच्यामागील कारणे शोधणे. (२) मुद्रणाबाहेरील माध्यमांतून आलेल्या साहित्याला ही अट कशी लागू झाली ते पाहणे. (३) ऑनलाइन कथेच्या बाबतीत तिचा अर्थ कसा लावावा याची चर्चा करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

नियतकालिक आधी, पुस्तक नंतर

आधुनिक मराठी कथा नियतकालिकांच्या आश्रयाने वाढली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांसमोर आली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ मध्ये निघाले आणि १९०९ मध्ये त्याच्या दिवाळी अंकाने एका दीर्घ परंपरेचा पाया घातला. पुढे 'रत्नाकर', 'यशवंत', 'सत्यकथा' या मासिकांनी कथेला घडविले. या सर्व काळात नियतकालिक आधी आणि पुस्तक नंतर हा क्रम रूढ होता. कथासंग्रहाच्या आरंभी मासिकांचे आभार मानण्याची प्रथा त्याचीच साक्ष देते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मासिकात आलेली कथा पुस्तकात घेण्यास कोणीही हरकत घेत नव्हते. डायजेस्ट पद्धतीच्या मासिकांत तर अन्यत्र आलेल्या मजकुराचे पुनर्मुद्रण हाच मुख्य भाग असे. याचा अर्थ पूर्वप्रसिद्धी हा साहित्याचा दोष म्हणून कधीच मानला गेला नाही. दोन समान दर्जाच्या नियतकालिकांनी एकाच वाचकाला एकच कथा दोनदा विकू नये, एवढ्यापुरती ही अट होती. ती व्यवहारातून जन्मली, साहित्यशास्त्रातून नव्हे.

किर्लोस्करवाडीचा अनुभव

या व्यवहाराचे ठळक उदाहरण याच परिसरात आढळते. १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. आज हे स्थळ सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. या कारखान्याच्या वसाहतीतून शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून त्याचे 'किर्लोस्कर' हे सर्वसाधारण मासिक झाले. त्याला १९३० मध्ये 'स्त्री'ची आणि १९३४ मध्ये 'मनोहर'ची जोड मिळाली. पुण्या-मुंबईपासून दूर, एका नांगर बनविणाऱ्या कारखान्याच्या आवारातून निघालेली ही मासिके महाराष्ट्रभर गेली.

स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध प्रथम 'किर्लोस्कर'मध्ये आले व नंतर ग्रंथरूप झाले. असा मजकूर सर्वांत आधी आपल्याच अंकात वाचायला मिळेल, हा विश्वास मासिकाच्या वर्गणीदाराला वाटणे आवश्यक होते. मासिकाची वर्गणी, जाहिराती आणि लेखकाचे मानधन या तिन्ही गोष्टी त्या विश्वासावर उभ्या होत्या. पूर्वप्रसिद्धीच्या अटीचे पहिले समर्थन येथे मिळते.

दुसरे समर्थन संपादकीय श्रमाचे आहे. 'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी लेखकांशी पत्रव्यवहार करून कथांवर केलेले संस्करण मराठीत सर्वश्रुत आहे. कवठे महांकाळ तालुक्यातील मळणगावचे शिक्षक-कथाकार चारुता सागर यांच्यासारख्या लेखकाला दुष्काळी खेड्यातून मराठीच्या जाणत्या वाचकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अशा मासिकांनी खुला केला. त्यांच्या 'दर्शन' या कथेचा आधार पुढे 'जोगवा' (२००९) या चित्रपटाला मिळाला. अप्रकाशित हस्तलिखितावर संपादकाला हात फिरविता येतो. प्रसिद्ध होऊन गेलेल्या मजकुरावर तसा अधिकार सांगणे त्याला अवघड जाते. म्हणून या अटीकडे केवळ संपादकाचा अहंकार म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

श्रोता आणि वाचक

तथापि ही अट मुद्रित मजकुरापुरतीच पाळली गेली, हेही तितकेच खरे. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांची लावणी, पोवाडे व लोकनाट्ये लाल बावटा कलापथकाच्या मंचावरून हजारो श्रोत्यांपर्यंत गेली. ही रचना श्रोत्यांना पाठ झाली म्हणून तिच्या छपाईचे प्रयोजन संपले, असे कोणी म्हटले नाही. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी द. मा. मिरासदार व शंकर पाटील यांच्यासमवेत कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी केले. त्यांपैकी अनेक कथा आधी छापलेल्या होत्या, तरी श्रोते त्या पुन्हा ऐकत आणि ऐकल्यावर पुस्तक शोधत. १९६३ मध्ये सांगली येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर नभोवाणीचे माध्यमही या परिसरातील लेखकांच्या जवळ आले. औदुंबर येथे कवी सुधांशु यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आणि मकरसंक्रांतीला भरणाऱ्या संमेलनात वाचलेली कविता त्या कारणाने मासिकाला निषिद्ध ठरली नाही.

म्हणजे मंच, नभोवाणी आणि संमेलन येथील सादरीकरण सार्वजनिक असूनही ते 'प्रसिद्धी'त धरले गेले नाही. त्याचे कारण असे की, उच्चारलेला शब्द हवेत विरून जात असे आणि त्याचा श्रोतृवर्ग मासिकाच्या वर्गणीदारापासून बहुतांशी वेगळा होता.

महाविद्यालयाचा वार्षिक अंक

छापील असूनही सवलत मिळालेले एक क्षेत्र प्राध्यापकवर्गाच्या नित्य परिचयाचे आहे. ते म्हणजे महाविद्यालयाचा वार्षिक अंक. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय (१९१९), साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज (१९४७) आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली महाविद्यालये यांच्या वार्षिक अंकांतून आणि भित्तिपत्रकांतून अनेक पिढ्यांनी पहिली अक्षरे लिहिली. अशा अंकात आलेली कथा विद्यार्थ्याने पुढे सुधारून मासिकाकडे पाठविली, तर तिच्याकडे उमेदवारीतील लेखन म्हणूनच पाहिले जाई. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर ती फारशी जात नाही, हे उभयपक्षी गृहीत होते. १९५५ नंतरच्या सायक्लोस्टाईल अनियतकालिकांनीही मोजक्या वाचकांपुरत्या प्रसिद्धीचा असाच एक मधला प्रदेश निर्माण केला होता.

कायद्याची भूमिका

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ यातील कलम ३ नुसार प्रती काढून किंवा जनतेपर्यंत संप्रेषित करून कृती उपलब्ध करून देणे म्हणजे प्रकाशन होय. ही व्यापक व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने आली. तिच्या कसोटीवर संकेतस्थळावर सर्वांना खुली ठेवलेली कथा प्रकाशित ठरते, यात संशय नाही. परंतु प्रकाशित कथा पुन्हा प्रकाशित करण्यास हा कायदा लेखकाला मनाई करीत नाही. लेखकाने आपला हक्क कोणाला लेखी अभिहस्तांतरित केला आहे काय, एवढाच प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कलम १९ नुसार अभिहस्तांतरण लेखी व स्वाक्षरीचे असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय, असे अभिहस्तांतरण लागू होत नाही, हे संरक्षण २०१२ च्या दुरुस्तीने दिले. तेव्हा 'ऑनलाइन आलेली कथा छापता येत नाही' हा समज कायद्यावर आधारलेला नाही. तो मासिकाच्या अटीचा भाग आहे. अट मान्य करून कथा पाठविल्यावर मात्र ती पाळणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते.

ऑनलाइन कथा : जुन्या कसोट्या, नवा प्रसंग

१९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाल्यापासून मराठी लेखनाला मुद्रणाबाहेरचे कायमस्वरूपी व्यासपीठ मिळाले. वरील इतिहासाच्या प्रकाशात पाहता ऑनलाइन कथेची अडचण तिच्या दुहेरी स्वरूपात आहे. ती वार्षिक अंकातील कथेसारखी उमेदवारीची असते, पण तिची व्याप्ती आवारापुरती राहत नाही. ती कथाकथनासारखी श्रोत्याच्या तत्काळ प्रतिसादावर घडते, पण हवेत विरून जात नाही. दोन ओळी शोधल्या तरी ती सापडते. संपादकाची धास्ती म्हणूनच समजण्याजोगी आहे. दिवाळी अंक छापून झाल्यावर त्यातील कथा आधीच फुकट उपलब्ध होती असे वाचकाने दाखवून दिले, तर अंकाची पत जाते आणि पुढच्या वेळी त्या लेखकाचे पाकीट उघडले जात नाही.

दुसऱ्या बाजूस लेखकाची हानी अधिक खोल आहे. वाङ्मयीन वर्तुळात ओळख नसलेल्या खेड्यातील लेखकाने जे एकमेव दार उघडे होते त्यातून प्रवेश केला. पन्नास-साठ जणांनी वाचलेल्या कथेमुळे त्याला मासिकाचे दार कायमचे बंद होत असेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, पूर्वप्रसिद्धी लपविणे. दुसरी, आपली सर्वांत चांगली कथा कोणालाच न दाखविणे. पहिली वाट अप्रामाणिकपणाची आहे, तर दुसरीमुळे त्याचे शिक्षण थांबते.

प्राध्यापकवर्गाच्या मनात येथे आणखी एक मापदंड नकळत काम करतो. शोधनिबंध दोन ठिकाणी प्रसिद्ध करणे हा संशोधनव्यवहारातील दोष आहे. वाङ्मयचौर्याविषयीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनंतर तर त्याविषयीची दक्षता वाढली आहे. परंतु शोधनिबंधाची गणना होते, त्यावर पदोन्नतीचे गुण मिळतात, म्हणून एकच काम दोनदा मोजणे तेथे गैर आहे. कथा मोजली जात नाही, वाचली जाते. शोधनिबंधाचा नियम तिला जसाच्या तसा लावणे उचित नाही.

निष्कर्ष

१. पूर्वप्रसिद्धीची अट ही नियतकालिकांच्या व्यवहारातून आलेली परंपरा आहे. तिच्यामागे वर्गणीदाराचा विश्वास व संपादकाचे श्रम ही दोन रास्त कारणे आहेत.

२. मंच, नभोवाणी, संमेलन आणि वार्षिक अंक यांना ही परंपरा सवलत देत आली. तेव्हा 'प्रसिद्ध' या शब्दाचा अर्थ माध्यमानुसार आणि वाचकवर्गानुसार ठरत आला आहे.

३. ऑनलाइन कथा कायद्याने प्रकाशित आहे. तिचे पुनर्प्रकाशन निषिद्ध नाही, पण मासिकाची अट लेखकाला बंधनकारक आहे.

४. लेखकाने कथा कोठे, केव्हा व कोणत्या स्वरूपात आली होती हे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे. केवळ ती काढून टाकल्याने पूर्वप्रसिद्धी पुसली जात नाही. मासिकांनीही ऑनलाइन लेखनाविषयीचे आपले धोरण निवेदनात नमूद करावे, आणि मूलतः पुनर्लिखित कथेचा स्वतंत्र विचार करावा.

५. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना कथा लिहावयास शिकविताना ती पाठविण्याचा व्यवहारही समजावून द्यावा. संगणकाच्या पडद्यावर कथा ठेवण्यापूर्वी ती पुढे कोठे पाठवावयाची आहे याचा विचार करावा, एवढे जरी विद्यार्थ्याला वेळीच कळले, तरी पुष्कळ मनस्ताप टळेल.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निघालेल्या वार्तापत्राचे मासिक झाले, कारण त्याच्या संपादकाने वाचक नेमका कोठे आहे हे ओळखले. त्याच कृष्णाकाठचा आजचा लेखक मोबाईलवर लिहितो आहे. त्याने प्रामाणिकपणे सांगितलेली पूर्वप्रसिद्धी ऐकून घेण्याची तयारी नियतकालिकांनी दाखविली, तर दोघांचेही हित साधेल.