टेंभुर्णीची खाद्यफेरी : बाजारातून शिवारापर्यंत

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना टेंभुर्णी ठाऊक असते ती चहाच्या थांब्यापुरती. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव चार दिशांच्या रस्त्यांचे नाक आहे. पुण्याहून येणारा महामार्ग येथून सोलापूरकडे जातो, एक फाटा पंढरपूरला, एक कुर्डुवाडीमार्गे बार्शीला आणि एक करमाळ्यावरून अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) जातो. रस्ता चौपदरी झाल्यापासून तर गाव न पाहताच गाव ओलांडता येते. तरीही भीमेकाठचे ओलिताचे खाणे आणि बालाघाटाच्या बाजूचे कोरडवाहू खाणे जेथे एकमेकांना भेटते, अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे. एखादा जाणता स्थानिक माणूस बरोबर घेऊन, पायी, अर्ध्या दिवसात ही भेट पाहता येते आणि चाखताही येते.

अशा पायी खाद्यफेऱ्यांचे शास्त्र जपानइतके क्वचितच कोणी घोटले असेल. चालत चालत थोडे थोडे खाण्याला तेथे 'ताबेआरुकी' असा स्वतंत्र शब्द आहे. क्योतोच्या निशिकी बाजारात लोणची, टोफू आणि मासळीची दुकाने पाहत फिरायचे, फुशिमी भागात तांदळाची साके गाळणाऱ्या जुन्या वखारींत डोकवायचे, हा त्यांचा ठरलेला क्रम. वखारीच्या दारावर देवदाराच्या हिरव्या डहाळ्यांचा गोल झुंबर टांगला की नवी साके तयार झाली असे समजावे. डहाळ्या तपकिरी होत जातात तशी साके मुरत जाते. शरद ऋतूत सोबाच्या दुकानांवर 'नवे पीक आले' अशी पाटी लागते. जपानी खाद्यपरंपरेला युनेस्कोने २०१३ मध्ये आपल्या वारसा यादीत स्थान दिले, तेव्हा ऋतूशी असलेले हे नातेच तिचा गाभा मानले गेले. गर्दीचा उपद्रवही त्यांना चुकलेला नाही. कामाकुरा शहराने २०१९ मध्ये नियम करून पर्यटकांना गर्दीच्या रस्त्यावर चालता चालता खाऊ नका, अशी विनंती केली. थोडक्यात, फेरी चालत करावी, पण खावे एका जागी थांबून.

आपल्याकडे या फेरीला नवे नाव शोधण्याची गरज नाही. 'शिवारफेरी' हा शब्द आहेच. पाहुणा आला की जेवणाआधी त्याला रान दाखवून आणणे ही या भागातील रीत आहे. कृषी पर्यटनाने तिलाच व्यवसायाचे रूप दिले. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामतीजवळच्या माळेगावातून या चळवळीला संघटित स्वरूप दिले आणि राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आज पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतील अनेक शेतकरी थंडीच्या दिवसांत पाहुण्यांना शेतावर बोलावतात.

बाजारची आमटी

फेरीची सुरुवात गावाच्या बाजारातून करावी, आणि शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी. करमाळा, माढा, बार्शी, परांडा या पट्ट्याचा म्हणून एक खास पदार्थ आहे : बाजार आमटी. नावातच तिचा उगम आहे. बैलगाडीने किंवा पायी आलेले व्यापारी आणि शेतकरी बाजार उठेपर्यंत थांबत. मग दोन-चार जणांकडच्या वेगवेगळ्या डाळी एकाच भांड्यात पडत आणि चुलीवर आमटी शिजे, असे सांगितले जाते. तूर, हरभरा, मूग, मसूर अशा डाळी एकत्र शिजवून त्यात भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण घालतात. वर तेलाचा तांबडा तवंग हवा. ही आमटी भाताबरोबर खाण्याची नव्हे. ताटात ज्वारीची भाकरी बारीक कुस्करायची, वर आमटी ओतायची, भाकरीने ती पुरती पिऊ द्यायची आणि मग कच्च्या कांद्याबरोबर खायची. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतून अलीकडे ती वाटीत घालून पोळीबरोबर वाढली जाते. तो निव्वळ डाळीचा रस्सा होतो. या पदार्थातील निम्मे काम भाकरीचे आहे.

बाजारातच शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी पाहावी. सोलापुरी चटणीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ यांपलीकडे काही नसते. कौशल्य आहे ते कुटण्यात. उखळात घाव बसत जातात तसे दाण्याचे तेल सुटते आणि चटणी भुरभुरीत न राहता गोळा होऊ लागते. यंत्राच्या पात्याने दाणा चिरला जातो, चेपला जात नाही. म्हणून मिक्सरमधील चटणी कोरडी लागते. कडक भाकरी म्हणजे उरलेली वाळकी भाकरी असा एक शहरी गैरसमज आहे. ती मुद्दाम पातळ थापून, भाजून, पुन्हा मंद आचेवर कुरकुरीत करतात. त्यातील पाण्याचा अंश गेल्यामुळे ती अनेक दिवस टिकते. पूर्वी ही प्रवासाची शिदोरी होती. आज जिल्ह्यातील कितीतरी महिला बचत गटांचा संसार तिच्यावर चालतो.

जाता जाता गावाच्या नावाविषयी. टेंभुर्णी हे एका झाडाचे नाव. त्याची फळे खातात आणि पानांच्या विड्या वळतात. राज्यात या नावाची आणखीही गावे आहेत. सोलापूर शहर विडी कामगार महिलांसाठी ओळखले जाते, पण त्यांना लागणारे पान येते ते विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशाच्या जंगलांतून. टेंभुर्णीच्या आसपास आज दिसतो तो ऊस.

उजनीचे पाणी, उजनीचा मासा

या उसाचे कारण गावापासून काही किलोमीटरवर आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि माढा, करमाळा, इंदापूर, पंढरपूर या तालुक्यांतील शेतीचे चित्र पालटले. त्याआधी अनेक गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर आजही वर दिसते. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर साखर कारखाने आले. माढा तालुक्यातच पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. पुढे केळीही आली. टेंभुर्णी-कंदर पट्ट्यातील केळी आता आखाती देशांत जाते. गावाबाहेर चालताना निळ्या पिशव्यांत गुंडाळलेले घड आणि खोकी भरणारे मजूर दिसले, तर वाटाड्याला तेथे थांबायला सांगावे. या भागातील पैसा कोठून येतो हे तेथे कळते.

ताटातील बदल म्हणजे मासा. भिगवण, इंदापूर आणि टेंभुर्णी या पट्ट्यात जलाशयाची मासळी घरोघरी आणि हॉटेलांत शिजते. कोकणासारखे नारळाचे वाटण येथे नाही. कांदा-लसणाचा झणझणीत रस्सा किंवा ज्वारीच्या पिठात घोळवून तळलेले तुकडे, असा प्रकार. सर्वांत स्वस्त आणि मुबलक मासा म्हणजे चिलापी. तो मूळचा आफ्रिकेतला. त्याने येथील पाण्यात असे बस्तान बसवले की स्थानिक जातींना जागा उरली नाही. मरळ किंवा वाम मिळाला तर नशीब समजावे. पट्टीचे खाणारे चिलापीला नावे ठेवतात. मात्र मच्छीमार कुटुंबांची चूल तिच्यावरच पेटते.

तहान लागेल तेव्हा रसवंतीत जावे. उसाच्या रसात आले आणि लिंबू घालतात. बर्फ नको म्हणून सांगावे, कारण बर्फाचे पाणी कोठले आहे हे कोणी सांगत नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात त्याचा रस मिळतो, पण डाळिंब सोलून दाणे खाण्यातच खरी मजा. हिवाळ्यात बोरेही येतात.

हुरडा

आता रानात. शिवारफेरीचा खरा मुक्काम ज्वारीच्या शेतात असतो, आणि तो डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच शक्य आहे. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या जमिनीने पावसाळ्यात जे पाणी पोटात धरून ठेवले, त्यावर सारे पीक उभे राहते. जमिनीला भेगा पडून ती ओल उडू नये म्हणून कोळपणी करायची, एवढाच माणसाचा उपाय. या कोरडवाहू तंत्राचा अभ्यास करण्यासाठी सोलापुरात १९३३ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक 'मालदांडी' ज्वारीतून निवडलेला ३५-१ हा वाण आजही भाकरीसाठी नाव राखून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला असता सरकारी कोठारे लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे ते गाव. कोठारातील धान्य कोणते, हे या भागात कोणी विचारत नाही.

कणसातील दाणा पिठूळ होण्याआधी काही दिवस दुधाळ-गोड आणि हिरवा असतो. तोच हुरडा. त्या अवस्थेत दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर पुरते झालेले नसते. ही संधी एका शेतात जेमतेम आठ-दहा दिवस मिळते. म्हणून जाणता शेतकरी ज्वारी टप्प्याटप्प्याने पेरतो. प्रत्येक ज्वारीचा हुरडाही चांगला होत नाही. मालदांडीचा दाणा बोंडातून सहज सुटत नाही. गूळभेंडी, सुरती, कुचकुची हे जुने वाण हुरड्याचेच म्हणून राखलेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर', तसेच परभणीचे 'परभणी वसंत' हे त्यांचे सुधारित सोबती. आपण खात आहोत तो वाण कोणता, हे पाहुण्याने अवश्य विचारावे. उत्तर मिळाले तर समजावे की ज्वारी याच शिवारातली आहे.

जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. ज्वाळा नको, निखारा हवा. कणसे त्या राखेत खुपसून फिरवायची, चुरचुर आवाज आला की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. चोळणाऱ्याच्या हाताला वर्षानुवर्षांचा घट्टा पडलेला असतो. नवख्याने प्रयत्न करून पाहावा, म्हणजे पानावर आलेल्या मूठभर दाण्यांची किंमत समजते. सुपात पाखडलेला हुरडा शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही यांबरोबर खातात. वर थंड पाणी पिऊ नये, ताक घ्यावे, असे जुनी माणसे सांगत.

हुरडा पूर्वी विकला जात नसे. तो रानात आलेल्या कोणालाही द्यायचा असे. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या पूर्वेकडील भागात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, सारे गाव शेतात जेवते. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते. भज्जी म्हणजे पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची दाट भाजी, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचे पीठ मुरवून केलेली आंबील असा तिचा बेत. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून जेवायला बसवतात.

आता हुरडा विकला जातो, यात वाईट काही नाही. उलट कोरड्या ज्वारीपेक्षा हुरड्याला किलोमागे कितीतरी चांगला भाव मिळतो आणि हिरवी ताटे जनावरांना राहतात. रब्बी ज्वारीची काढणी अजून बव्हंशी हाताने, मुळासकट उपटून करावी लागते. मजूर मिळत नाहीत, पाखरे राखायला गोफण घेऊन कोणी माळ्यावर बसत नाही. कालव्याचे पाणी पोचले की शेतकरी उसाकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. अशा वेळी दोन-चार एकर ज्वारी टिकवण्याचे एक व्यवहारी कारण हुरडा देतो. आक्षेप आहे तो वेगळा. अनेक ठिकाणी 'पोटभर हुरडा' या पाटीमागे उंटसवारी, कारंज्याखालचे नाच आणि कर्कश गाणी असतात, हुरडा मात्र बाहेरगावाहून पोत्यात येतो किंवा शीतपेटीतून निघतो. भोवती ऊस, मध्ये शामियाना आणि ज्वारीचे एकही ताट नाही, अशा जागी दिलेले पैसे ज्वारीपर्यंत पोचत नाहीत. ठिकाण ठरवण्यापूर्वी दूरध्वनीवरून एकच प्रश्न करावा : तुमच्या शेतात यंदा ज्वारी उभी आहे का?

जायचे असेल तर

टेंभुर्णी पुण्यापासून सुमारे १६५ किलोमीटर, तर सोलापूरपासून सुमारे ८० किलोमीटर आहे. एसटीच्या गाड्या भरपूर आहेत. रेल्वेने आल्यास कुर्डुवाडी स्थानकावर उतरावे. येथूनच १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू झाली होती. बाजाराचा वार आधी विचारून घ्यावा. सकाळी ऊन चढण्याआधी रानात जावे आणि दुपारी बाजारात यावे, हा उलटा क्रमही चालतो. थंडीत तर तोच सोयीचा. पायात साधे मजबूत जोडे असावेत, काळ्या रानात ढेकळांवरून चालावे लागते. कणीस स्वतः तोडू नये, मालकाला तोडू द्यावे.

घरी नेण्यासाठी कडक भाकरी आणि चटणी घ्यावी. हुरडा नेण्याचा मोह टाळावा. आगटीवरून उतरल्यावर त्याची गोडी झपाट्याने उतरते. पुण्यात पोचेपर्यंत तो चिवट झालेला असतो.