‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’: पडद्यावरच्या या ओळीमागे काय असतं?

चित्रपट सुरू होण्याआधी धूम्रपानाचा इशारा येतो, आभारांची लांबलचक यादी येते आणि त्यातच एक ओळ झळकून जाते: या चित्रपटाच्या चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. तेव्हा बहुतेक प्रेक्षक पॉपकॉर्न सावरत असतात. पण ही ओळ निर्मात्याने हौसेने टाकलेली नसते. तिच्यामागे आधी घेतलेली परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला आणि सेन्सॉर बोर्डाच्या दारातली तपासणी असते. यूट्यूब, रील्स आणि वेब सीरिजच्या वाटेवर मात्र हे दारच नाही.

वीस सेकंदांचं दृश्य

समजा, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात एका ऐतिहासिक चित्रपटाचं शूटिंग ठरलं आहे. कुंडलिकेच्या काठाने दोन घोडेस्वार दौडत येतात, एवढंच दृश्य. पडद्यावर ते वीस सेकंदही टिकणार नाही. घोडे मुंबईहून टेम्पोतून येणार, सकाळी शूटिंग, संध्याकाळी परत.

या वीस सेकंदांची तयारी किमान चार आठवडे आधी सुरू व्हावी लागते. चित्रपटात वापरायच्या प्राण्यांची नोंदणी भारतीय पशु कल्याण मंडळाकडे असावी लागते. शूटिंग कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता आहे हे मंडळाला आधी कळवावं लागतं. प्राण्याचं वय, तब्येत, त्याच्याकडून नेमकं काय करून घेणार आणि किती वेळ, हेही लिहून द्यावं लागतं. सोबत पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला जोडायचा. ‘घोडा पळेल’ एवढं लिहून भागत नाही.

चित्रपट पूर्ण झाल्यावर पुन्हा मंडळाकडे जावं लागतं. जे सांगितलं तेच चित्रित झालं आहे का, हे पाहून ना हरकत प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवल्यावर सेन्सॉर बोर्डाचं काम पुढे सरकतं.

प्रत्यक्ष सेटवर काय चालत नाही, याची यादी २००१ च्या नियमांत आहे आणि ती बरीच बारकाईची आहे. आजारी, जखमी किंवा गाभण प्राणी वापरायचा नाही. काम करावं म्हणून उपाशी किंवा तहानलेला ठेवायचा नाही. गुंगीचं औषध किंवा दारू द्यायची नाही. जवळ मुद्दाम मोठा आवाज करायचा नाही, आगीजवळ न्यायचं नाही. नाल न ठोकलेला घोडा कठीण जमिनीवर चालवायचा नाही. तापलेल्या डांबरावरून साप सरपटवायचा नाही. घोडा पडावा म्हणून तार बांधायची नाही की खड्डा खणायचा नाही.

म्हणूनच लढाईच्या दृश्यातली तोफ घोड्याच्या कानाजवळ उडत नाही. आवाज नंतर स्टुडिओत भरला जातो. घोडा कोसळताना दिसतो तेव्हा तो बहुधा बसायला-लोळायला शिकवलेला असतो, खाली उकरून मऊ केलेली माती असते आणि बाकीचं काम संकलक करतो. एप्रिल-मेमध्ये कोकणात शूटिंग असेल तर सावली आणि पाण्याची सोय कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची. माणूस ‘ऊन लागतंय’ म्हणून व्हॅनिटीत जाऊन बसू शकतो, घोडा नाही.

हे नियम आले कुठून?

‘तार बांधायची नाही’ हे वाक्य उगाच लिहिलेलं नाही. हॉलिवूडमध्ये एके काळी घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून दुसरं टोक जमिनीत रोवलं जाई. भरधाव घोडा तारेच्या टोकाशी पोचला की तोंडावर आपटे. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये ही युक्ती वापरली गेली आणि त्यात घोडे मेले. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’साठी एका घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात पाडलं, तो मेला आणि अमेरिकेत संतापाची लाट उसळली. त्यानंतर ‘अमेरिकन ह्यूमेन’ ही संस्था १९४० पासून सेटवर देखरेख करू लागली. पडद्यावरच्या त्या ओळीचं मूळ तिथलं आहे.

आपल्याकडे धोका माणसालाही कमी नव्हता. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटात व्ही. शांताराम स्वतः बैलाशी झुंजले आणि डोळ्यांना मोठी दुखापत करून बसले. ही कथा नेहमी शांतारामांच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. बैलाचं काय झालं, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. तो काळच तसा होता.

प्राण्यांशी क्रूरतेला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९६० चा. करमणुकीच्या खेळांत वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी नियम १९७३ मध्ये आले आणि २००१ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. तरीही चित्रपटवाले ते फारसे मनावर घेत नव्हते. खरा बदल झाला २००५ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, चित्रपटात प्राणी असेल तर मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडू लागलं. कागद नसेल तर प्रदर्शनाची तारीख जाते, हे कळल्यावर निर्माते हलले.

पुढच्याच वर्षी ‘रंग दे बसंती’ यात सापडला. निहंगांच्या घोडदौडीच्या दृश्यावर मंडळाने आक्षेप घेतला आणि सुमारे २० सेकंदांचा भाग कापला गेला. रायगड जिल्ह्यातच, कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत ज्याचे सेट उभे राहिले तो ‘जोधा अकबर’ २००८ मध्ये आला. हत्ती, घोडे, उंट यांचा मोठा फौजफाटा असलेला हा चित्रपट या नव्या व्यवस्थेतूनच गेला.

मग बैलाचं काय?

अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना करमणुकीसाठी शिकवायला किंवा खेळात उतरवायला बंदी आहे. जुलै २०११ मध्ये या यादीत बैलाची भर पडली. बैलाभोवती फिरणारे ‘वळू’ आणि ‘टिंग्या’ हे दोन्ही मराठी चित्रपट २००८ चे, म्हणजे त्याआधीचे.

इथे अनेकांची गल्लत होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये तो बदल वैध ठरवला. पण ही सवलत शर्यतींपुरती आहे. ‘आता शर्यत चालते, मग शूटिंगही चालेल’ असा अर्थ त्यातून निघत नाही. नाग, देशी पोपट यांच्यासारख्या वन्यजीवांना तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू आहे.

या कटकटीमुळे अनेक निर्माते प्राणी थेट संगणकावरच तयार करतात. ‘बाहुबली’त भल्लालदेव ज्या रेड्याशी झुंजतो तो असाच. काही चित्रपटांत अशा दृश्याच्या कोपऱ्यात ‘सीजीआय’ असं लिहिलेलं दिसतं ते त्यासाठीच.

कागद असूनही

परवानगी घेतली की प्राणी सुरक्षित, असं मात्र नाही. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवरची ‘लक’ ही मालिका २०१२ मध्ये बंद करावी लागली, कारण देखरेख असतानाही तीन घोडे गेले. आपल्याकडे २०२१ मध्ये मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’च्या चित्रीकरणात हैदराबादजवळ एक घोडा मेला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

शिक्षेचा आकडा वाचून अनेकांना छपाईची चूक वाटते. १९६० च्या कायद्यानुसार क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. नोंदणीशिवाय प्राण्याचे खेळ केल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्राण्याला ठार केलं किंवा जायबंदी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

म्हणजे निर्मात्याला खरा धाक दंडाचा नाही, प्रदर्शन अडण्याचा आहे. वेब सीरिजला आणि रीलला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे तो धाक तिथे उरत नाही. क्रूरतेचा कायदा तिथेही तसाच लागू आहे, फक्त प्रदर्शनाआधी कुणी तपासत नाही. गळ्यात साप घालून केलेला व्हिडिओ, कुत्र्याला दचकवून केलेली ‘मजा’, माकडाला कपडे घालून नाचवणारी रील हे सगळं आधी लाखो लोक पाहतात. तक्रार झालीच तर नंतर होते.

अशी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे करता येते. वन्यप्राणी असेल तर वन विभागाकडे. व्हिडिओची लिंक, तारीख आणि खात्याचं नाव जपून ठेवावं, कारण गवगवा झाला की असे व्हिडिओ सगळ्यात आधी डिलीट होतात. रागाने तो शेअर केला तर त्याचे व्ह्यूज मात्र वाढतात.