पावणेतीन मिलिमीटरची गोष्ट

बोगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डबाच येतो. इंजिनियर मंडळींची बोगी वेगळी. डब्याखाली किंवा इंजिनाखाली चाकांचा जो वळणारा गाडा असतो, ती खरी बोगी. डिझेल इंजिनाखाली असे दोन गाडे, प्रत्येकी तीन आसांचे, आणि प्रत्येक आसाला स्वतःची मोटर.

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला रेल्वे नाही. रेल्वे म्हणजे जालना. निजामाच्या राज्यातली ही लाइन १९०० च्या सुमारास झाली, तीही मीटरगेज. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० च्या आसपास, खर्च वाचवायला सरकारने हे अरुंद माप उचललं. त्याआधी डलहौसीने ठरवलेला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. जालन्याची मीटरगेज १९९० च्या दशकात उखडली गेली. आता ती बघायची तर फोटोत, नाहीतर कुणी प्रतिकृती केली तर तिच्यात.

आणि इथेच गंमत आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. तिथलं प्रमाण १:८७, म्हणजे जगभर चालणारं एचओ. या प्रमाणातला रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलाय. आपला ब्रॉडगेज १:८७ ने लहान केला तर १९.२६ यायला हवा. म्हणजे तयार रुळावर ठेवलेलं आपलं डब्ल्यूडीएम-२ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभं राहतं! मीटरगेज मात्र ११.५ येतो आणि बाजारात १२ चा रूळ मिळतो. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. काटकसरीची म्हणून हिणवलेली लाइन छोट्या रूपात जास्त खरी उतरते. मला हे फार आवडलं.

तरी काम सोपं नाही हं. खऱ्या चाकाची कड साधारण २८.५ मिलिमीटर खोल, लहान केल्यावर ०.३३. खेळण्यातल्या चाकांची कड त्याहून बरीच जाड, म्हणून ती कशाही रुळावर धावतात. अचूक कड इतकी बारीक की एक चाक किंचित उचललं की गाडी घसरलीच. तीन आस एकाच ताठ सांगाड्यात बसवले तर एक ना एक चाक अधांतरी राहतं. आणि अधांतरी चाक वीजही घेत नाही, कारण मोटरला वीज चाकांतूनच मिळते.

मग आस वरखाली हलता ठेवायचा. पण आस हलला की त्यावरचं दातेरी चाक मोटरच्या वर्मपासून सुटतं. यावर उपाय असा, की गिअरची पेटी आसावरच बसवायची, ती आसाबरोबर डोलू द्यायची आणि गोल फिरू नये म्हणून तिचं दुसरं टोक सांगाड्याला अडकवायचं. कारागिरांनी काढलेली ही युक्ती खऱ्या इंजिनात आधीपासून होतीच. डब्ल्यूडीएम-२ किंवा मीटरगेजचं वायडीएम-४, दोन्हीकडे मोटरचा एक भार आसावर आणि दुसरा बोगीच्या सांगाड्यावर. टनाच्या हिशोबात जो पेच, तोच ग्रॅमच्या हिशोबात.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तो भोकरदनकडून जायचाय, आमच्या तालुक्यातून. अर्थात ब्रॉडगेज. म्हणजे त्याच्यावरचं इंजिन कुणी करायला घेतलं, की पुन्हा तेच पावणेतीन मिलिमीटर.