उलटा झालेला प्रश्न

सौर पॅनेलचा मूळपुरुष म्हणून एदमाँ बेक्वेरेल यांचे नाव पाठ्यपुस्तकांत हमखास येते. मला हा वंशवृक्ष खटकतो. छपरावरच्या पॅनेलचे कूळ सेलेनियम आणि सिलिकॉन या कोरड्या घन पदार्थांचे आहे. बेक्वेरेल यांचे उपकरण ओले होते. त्याचा खरा वारसा गेला तो पाण्यातले, रक्तातले रेणू ओळखणाऱ्या प्रकाश-विद्युत-रासायनिक सेन्सरकडे.

साल 1839. डागेर यांच्या छायाचित्रणामुळे पॅरिसमध्ये चांदीच्या क्षारांची चर्चा होती. 19 वर्षांच्या एदमाँने वडिलांच्या प्रयोगशाळेत असे क्षार लावलेले धातूचे पत्रे आम्लाच्या द्रावणात बुडवले. एका पत्र्यावर ऊन पडताच तारेतून वीज वाहिली. या विजेवरून एदमाँने प्रकाश मोजण्याचे यंत्र बनवले. द्रावण ठाऊक होते, शोधायचा होता तो प्रकाश.

आजच्या सेन्सरमध्ये हाच प्रश्न उलटा विचारला जातो: प्रकाश ठाऊक आहे, द्रावणात काय आहे ते सांगा. तो उलटा व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली, कारण उजेड पडल्यावर पृष्ठभागावर नेमके काय घडते हेच कळत नव्हते. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, वॉल्टर ब्रॅटन, यांनी गॅरेट यांच्यासह 1955 मध्ये जर्मेनियमचा तुकडा द्रावणात ठेवून ते तपासले. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले. पांढऱ्या रंगात घालतात तीच ही पूड. प्रकाशाने तिच्यातला इलेक्ट्रॉन उठतो, मागे रिकामी जागा राहते आणि ती जागा शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. रेणू सहज देणारा असेल तर वीज वाढते. हे कळल्यावर सेन्सर फार दूर नव्हता. 1988 मध्ये हेफमन, पार्स आणि मॅकॉनेल यांनी सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाचा ठिपका जिथे पडेल तिथली रासायनिक स्थिती वाचता येते, हे दाखवले.

प्रथिन शोधायचे तर युक्ती निराळी. पृष्ठभागावर त्याच्याशीच जुळणारी प्रतिपिंडे बसवतात. प्रथिन येऊन चिकटले की इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूंची वाट अडते आणि वीज घटते. आत जातो उजेड, बाहेर येते वीज. दोन्हींची जात वेगळी असल्यामुळे गोंगाट कमी राहतो. तरी खात्रीसाठी दिवा ठरावीक वेळाने लावतात आणि विझवतात. अंधारात जी वीज उरते ती त्या रेणूची नव्हे, म्हणून ती वजा करायची.