पडद्यावरच्या मातीची चित्रफीत

मातीची किंवा दगडाची मूर्ती पाहायची तर माणूस तिच्याभोवती फिरतो. संगणकात घडवलेल्या शिल्पाभोवती असे फिरता येत नाही, ते शिल्पच फिरवून दाखवावे लागते. ज्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, त्याच्या वाट्याला तर या फिरण्याची चित्रफीत तेवढी येते. असे असूनही डिजिटल शिल्पकलेचा इतिहास सांगताना ब्रश, पॉलिगॉन आणि पेन टॅब्लेट यांवर पानेच्या पाने खर्च होतात आणि व्हिडिओ रेकॉर्ड करून एक्स्पोर्ट करण्याची सोय जाहिरातीचे साधन म्हणून एका ओळीत उरकली जाते. हे मला मान्य नाही. ही चित्रफीत शिल्पाचाच एक भाग आहे, आणि तिचा दर्जा हा शिल्पाच्या दर्जाचाच प्रश्न आहे.

रूप असे सर्व बाजूंनी दाखवण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्स्वा विलेम या फ्रेंच शिल्पकाराने 1860च्या सुमारास पॅरिसमध्ये छायाचित्रांवरून शिल्प घडवण्याची पद्धत काढली. गोल दालनाच्या मधोमध माणूस उभा करायचा, भोवतीच्या 24 कॅमेऱ्यांनी एकदमच त्याची छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतल्या बाह्यरेषा पँटोग्राफने मातीत उतरवायच्या. दर 15 अंशांना एक चित्र घेतले की आकृती सर्व बाजूंनी हाती येते, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे 1915मध्ये फ्रेंच नाटककार साशा गित्री यांनी आपल्या मूकपटात वृद्ध शिल्पकार रोदँला छिन्नी-हातोडा चालवताना टिपले. तिथे महत्त्व पुतळ्यापेक्षा चालत्या हाताला होते. रूप सर्व बाजूंनी दिसावे आणि ते कसे घडत गेले तेही दिसावे, या त्या दोन वेगवेगळ्या इच्छा. पुढे एकाच सॉफ्टवेअरमध्ये 'टर्नटेबल' आणि 'टाइमलॅप्स' अशी दोन बटणे शेजारी-शेजारी आली, ती या दोन्ही इच्छा घेऊनच.

ते सॉफ्टवेअर म्हणजे झीब्रश. ओफर अलोन आणि जॅक रिमोख यांच्या पिक्सोलॉजिक कंपनीने ते 1999च्या सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत दाखवले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कामाची नोंद ठेवायला झीस्क्रिप्ट होती. कलाकाराने कोणते बटण दाबले, ब्रश कुठून कुठे नेला, हे सारे ती आज्ञांच्या रूपात लिहून ठेवी आणि पुन्हा चालवली की काम डोळ्यांसमोर नव्याने उभे राही. अशी नोंद अगदी हलकी, पण ती वाचायला तेच सॉफ्टवेअर लागे. 2007च्या झीब्रश 3मध्ये रेकॉर्डिंगसाठी 'मूव्ही' हा स्वतंत्र विभाग होता. तिथे टिपलेले काम झीब्रशच्या स्वतःच्या स्वरूपात साठवता येई किंवा ॲपलच्या क्विकटाइम या व्हिडिओ स्वरूपाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येई. माझ्या मते या कलेच्या सार्वजनिक आयुष्याला खरी सुरुवात या दुसऱ्या सोयीने झाली. झीब्रश कधीही न उघडलेल्या माणसालाही त्यातले शिल्प वळताना पाहता येऊ लागले.

दर्जाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. 1920 बाय 1080 आकाराची एक फ्रेम काहीही न दाबता ठेवली तर सुमारे 6.2 मेगाबाइट जागा घेते. पाच सेकंदांत पूर्ण वळणारे शिल्प सेकंदाला 24 फ्रेमने टिपले की 120 फ्रेम होतात, म्हणजे जवळपास 750 मेगाबाइट. म्हणून फाइल दाबण्यावाचून गत्यंतर नसते. एच 264सारख्या कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या तंत्राच्या, प्रचलित पद्धतीत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलला मिळते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच ठेवली जाते. आता झीब्रशचे नेहमीचे लालसर मेण डोळ्यांसमोर आणा. एचडी व्हिडिओच्या गणितात उजेडाच्या मापात लाल रंगाचा वाटा जेमतेम 21 टक्के असतो. त्यामुळे लाल पृष्ठभागावरच्या छटांचा मोठा भाग रंगाच्या खात्यात जातो आणि नेमकी तिथेच काटछाट होते. शिल्पकाराने तासन्‌तास बसून कोरलेली त्वचेची रंध्रे आणि डोळ्याखालच्या बारीक सुरकुत्या एक्स्पोर्टमध्ये पुसट होतात. तेच शिल्प करड्या मटेरियलमध्ये फिरवले तर हे नुकसान बरेच कमी होते. एक्स्पोर्ट हा यांत्रिक उपचार नाही, त्यातही शिल्पकाराचा निर्णय असतो, तो असा.

यावर पहिला आक्षेप असा की मूळ त्रिमितीय फाइल हाताशी असताना चित्रफितीचे एवढे कौतुक कशाला? पण त्या फाइलमध्ये असते ते अंतिम रूप. घडणीचा इतिहास प्रकल्पाच्या फाइलसोबत साठवण्याची सोय नंतर आली हे खरे, पण फाइल हलकी ठेवण्यासाठी तो पुसून टाकणारेही आहेत. शिवाय ती फाइल उघडायला झीब्रशच लागते, आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टाइमलॅप्स खरे सांगत नाही, असे म्हटले जाते. झीब्रशमध्ये 'ऑनमाउस' हा पर्याय निवडला की पेन टेकलेले असेल तेवढाच वेळ टिपला जातो. हात थांबवून शिल्पाकडे नुसते पाहत राहण्याचा, चुकले कुठे ते शोधण्याचा वेळ गळून पडतो आणि पाहणाऱ्याला वाटते की चेहरा एका दमात उतरला. हा दोष मी नाकारत नाही. शिकणाऱ्यांची यात खरोखर दिशाभूल होते. पण गित्रींचा कॅमेराही रोदँसमोर काही मिनिटेच होता आणि म्हणून तो पुरावा कोणी टाकून देत नाही. अपुरा पुरावा अपुरा म्हणूनच वाचायचा असतो, आणि ज्याला पूर्ण वेळ टिपायचा आहे त्याला 'ऑनमाउस' बंद ठेवता येतो.

खरा धोका टिकण्याचा आहे. एप्रिल 2016मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइममध्ये सुरक्षेच्या दोन त्रुटी उघड झाल्या. ॲपलने त्या दुरुस्त केल्या नाहीत, आणि अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने ते सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा सल्ला दिला. क्विकटाइमच्या भरवशावर उभ्या असलेल्या एक्स्पोर्टच्या साऱ्या पद्धती तेव्हा अडचणीत आल्या. मग 2019च्या मॅकओएस कॅटलिनाने सोरेन्सनसारख्या जुन्या कोडेकांचा आधार काढून घेतला. फ्रेमची साधी चित्रे मात्र या सगळ्या उलथापालथीत जशीच्या तशी उघडत राहिली. तेव्हा शिल्प पूर्ण झाले की लोकांना दाखवायला दाबलेली फाइल जरूर काढा, पण त्याआधी पूर्ण आकाराच्या, तपशील न गमावणाऱ्या पीएनजी फ्रेमची मालिका बाजूला ठेवा आणि तिच्यासोबत मटेरियल, फ्रेमचा वेग आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा.