न्यू हेवन–स्प्रिंगफील्ड लोहमार्ग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रादेशिक लोहमार्ग. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथून हार्टफर्ड या राजधानीवरून मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्डपर्यंत जाणाऱ्या या मार्गाची लांबी सु. १०० किमी. आहे. काटकसरीसाठी काढून टाकलेले दुसरे रूळ पुन्हा घालावे लागल्यामुळे त्याचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

‘हार्टफर्ड अँड न्यू हेवन’ या कंपनीस १८३३ मध्ये सनद मिळाली. तिच्या गाड्या १८३९ मध्ये हार्टफर्डला व १८४४ मध्ये स्प्रिंगफील्डला पोहोचल्या. १८७२ मध्ये दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘न्यूयॉर्क, न्यू हेवन अँड हार्टफर्ड’ ही बलाढ्य कंपनी उदयास आली. कालांतराने मार्ग दुहेरी झाला. मोटारगाड्या व महामार्ग यांच्या प्रसारामुळे उतारू घटले. १९६१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. १९६९ मध्ये ती पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली आणि १९७६ मध्ये हा मार्ग ॲमट्रॅक या राष्ट्रीय उतारू रेल्वे निगमाकडे आला. मोजक्या गाड्यांसाठी दोन मार्गांची देखभाल परवडत नसल्याने १९९० च्या सुमारास बऱ्याच भागातील दुसरे रूळ उखडण्यात आले. परिणामी निम्म्याहून अधिक मार्ग एकेरी झाला.

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या ठराविक ठिकाणीच एकमेकींना ओलांडू शकतात. एका गाडीस उशीर झाल्यास दुसरी खोळंबते व तो विलंब पुढील गाड्यांवर पसरतो. म्हणून फेऱ्या वाढविण्यास मर्यादा पडते. समांतर महामार्गावरील वाहनांची गर्दी वाढल्यावर नियमित उपनगरी सेवेची निकड भासली. परंतु तिला दुहेरी मार्गावाचून गत्यंतर नव्हते.

केंद्र व राज्य शासनांच्या निधीतून दुसरे रूळ पुन्हा घालण्यात आले. मार्गाची जागा उपलब्ध असली, तरी केवळ रूळ अंथरून काम भागले नाही. संकेतव्यवस्था, रस्त्यांवरील फाटके, पूल व उंच फलाट यांवरही मोठा खर्च करावा लागला. बांधकामाच्या काळात काही गाड्यांऐवजी बसगाड्या चालविण्यात आल्या. १६ जून २०१८ रोजी ‘हार्टफर्ड लाइन’ ही सेवा सुरू झाली. कामाच्या दिवशी न्यू हेवन–हार्टफर्डदरम्यान ॲमट्रॅकच्या गाड्या धरून १७ फेऱ्या होऊ लागल्या. त्यांपैकी १२ स्प्रिंगफील्डपर्यंत जात.

तथापि त्या वेळी हार्टफर्ड शहरातील उन्नत मार्ग व त्याच्या उत्तरेकडील बराचसा भाग एकेरीच होता. त्यामुळे स्प्रिंगफील्डकडील फेऱ्यांवर बंधन राहिले. मंदीच्या काळातील देखभालीची बचत तात्कालिक असते, तर गमावलेली वाहनक्षमता परत मिळविण्याचा भार पुढील पिढीवर पडतो, हे या मार्गाच्या इतिहासावरून दिसून येते.